पान बारा पाहावे

सौसरच्या संत्र्याच्या कारखान्यात मी कामाला लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी मॅनेजरसाहेबांनी माझ्यासमोर दोन इंग्रजी पुस्तकं ठेवली. एक जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यावर 'रेफरन्स मॅन्युअल' असं छापलेलं. दुसरं पातळ, मळकट पिवळं, 'यूजर्स गाइड'. दोन्ही एकाच यंत्राची होती. खालच्या शेडमध्ये ते यंत्र नुकतंच बसवून झालं होतं. संत्री धुवायची, वाळवायची, त्यांना मेणाचा पातळ थर द्यायचा आणि मग रोलरांवरून सोडून लहानमोठी वेगळी करायची, एवढं सगळं ते एका दमात करणार होतं. बसवणारा इंजिनीअर आपली हत्यारं गुंडाळून परत गेला होता आणि जाताना ही दोन पुस्तकं तेवढी ठेवून गेला होता.

"बेटी, तुम इंग्लिश मीडियमवाली हो," साहेब म्हणाले. "इनको भाषा में उतार दो. औरतें पढ़ सकें, ऐसा."

हिंदीत की मराठीत, हे विचारायलासुद्धा मला धीर गोळा करावा लागला.

"जो वो घर में बोलती हैं," साहेब म्हणाले. ते इंदूरकडचे होते. बायका घरी काय बोलतात ते त्यांना माहीत नव्हतं. मला तरी कुठे नीट माहीत होतं! मी पांढुर्ण्याची, पण लहानपणापासून नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. सुट्टीत घरी आले की आई शेजारणीशी दारात "काय करून राहिली वो?" असं मोकळं बोलायची आणि माझ्याकडे वळली की एकदम जपून, "तू काय करते आहेस?" असं पुस्तकातलं बोलायची. मला सुधारायला पाठवलं होतं, तेव्हा माझ्याशी सुधारलेलंच बोलायला हवं, असं तिला वाटत असावं. कॉलेज संपवून मी कायमची घरी आले, तरी तिचा तो आवाज बदलला नाही. घरातल्या घरात मी पाहुण्यासारखी राहत होते.

पांढुर्ण्याहून सौसरला मी बसने जायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा धरायची आणि बाहेर बघत राहायची. मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची खच्चून गर्दी असे. नारळ, रुईच्या माळा, मांडीवर झोपलेली लेकरं. माझ्या बाजूला बसलेली बाई विचारायची, "तुमीबी दर्शनालेच का?" मी मान हलवून नाही म्हणायची. त्यापुढे बोलणं सरकत नसे. जामसांवली आलं की बस रिकामी व्हायची, आणि उरलेला रस्ता मी, कंडक्टर आणि सांडलेली फुलं.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मी कोणाला हाक मारत नसे. आई-बाबांनासुद्धा जमेल तेवढी टाळायची. कोणाशी बोलायचं असलं की त्या माणसाच्या आसपास जाऊन उभी राहायची आणि त्याचं लक्ष जाण्याची वाट बघायची. काका म्हणावं की साहेब, मावशी म्हणावं की बाई, तू म्हणावं की तुम्ही, हे ठरवण्यात माझा शब्द घशातच राहायचा. बोर्डिंगमध्ये हा प्रश्नच नव्हता. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'.

माझी खोली शेडच्या वर होती. लोखंडी जिना चढून जायचं. खोलीला काचेची मोठी खिडकी होती आणि तिच्यातून खालचं यंत्र आणि त्याच्याभोवतीच्या बायका दिसत. आवाज येत, पण शब्द सगळे लागत नसत. बायका मला मॅडम म्हणत. त्यांच्यातल्या निम्म्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या.

मी आधी जाड पुस्तक हातात घेतलं. साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, पण मला ते आवडलं. त्यात यंत्राचा एकेक भाग वर्णमालेप्रमाणे लावलेला होता. ब्रश, बेअरिंग, बेल्ट. प्रत्येकाचं माप, कशाचा बनवला, कुठे बसतो, कशाने झिजतो. कुठलंही पान उघडावं आणि तिथून सुरुवात करावी. ते कोणाशी बोलत नव्हतं. कोणी आलं आणि विचारलं, तर सांगायचं, नाहीतर कपाटात गप्प उभं राहायचं. मी आठवडाभर अगदी सुखाने बेअरिंगांमध्ये रमले होते.

मग साहेबांनी आठवण करून दिली, आणि मी पातळ पुस्तक उघडलं. त्याचं पहिलंच वाक्य सकाळपासून सुरू होत होतं. तुम्ही आलात, आता आधी हे करा. मग ते करा. आता तुम्हाला घंटा ऐकू येईल. घाबरू नका. पानापानावर 'यू'. बेअरिंग कशाचं बनलं आहे याचा त्यात पत्ता नव्हता. बेअरिंग नावाची वस्तू जगात आहे, हेच त्या पुस्तकाला सांगायचं नव्हतं. ते कोणाच्या तरी बाजूला उभं राहून, हात ओले असलेल्या माणसाला, आत्ता या क्षणापुरतं सांगत होतं. मला ते पोरकट वाटलं. आणि खरं म्हणजे अवघड वाटलं, कारण मराठीत 'यू'चं काय करायचं? तू लिहिलं तर उर्मट. तुम्ही लिहिलं तर समोर कोणीतरी उभं राहून माझ्याकडे बघतंय, असं वाटायचं. आपण लिहिलं तर लग्नपत्रिका.

मी त्यातून वाट काढली. बटन दाबावे. पट्टा तपासावा. हात दूर ठेवावेत. शाळेच्या भिंतीवर लिहितात तसं. कोणालाच उद्देशून नाही. आणि पातळ पुस्तकात जे सांगितलेलं नाही ते राहून जाऊ नये, म्हणून जागोजागी जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं. अमुक झाल्यास पान इतके पाहावे. मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं.

यंत्राच्या बोर्डावर, म्हणजे बटनं आणि दिवे होते तिथे, जी बाई नेमली होती, ती हाताने संत्री निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती. गावातल्या बौद्ध वस्तीत राहायची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. सकाळी गेटवर तिचा खणखणीत "जयभीम, भाऊ" वरपर्यंत ऐकू यायचा. उंच, सडपातळ, चालताना एका बाजूला झुकणारी. एकदा ती जिना चढून वर आली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दारात उभी राहून खोली बघून घेतली आणि म्हणाली, "पुस्तक झालं का जी?"

"होत आलंय," मी म्हणाले.

"लवकर करा. मृगाच्या बहराचा माल आला का कारखान्याची कमिटी यंत्र पाह्यले येनार हाय." ती कठड्याला टेकली. "थे मनतात, नागपूरहून शिकेल मानूस आना. साहेब मनतात, हे बाई चालवते का पाहू. एकटीनं चालू कराचं, अन् मधात अटकलं तं एकटीनंच काढाचं. इंजिनेरले न बलावता. जमलं तं बोर्ड माहा. नाई तं मी घरी."

"बाकीच्यांसारखं पट्ट्यावर निवडायला…" मी म्हणाले.

"पट्टा खालीच हाय नं. पाटावर बसा लागते." तिने लुगड्यावरून गुडघा थोपटला. "पंधरा-वीस वर्सं मांडी घालून संत्रे निवडले. आता बसली तं उठवाले दोन बाया लागतात. उभ्यानं होते असं हे एकच काम हाय इथं."

ती गेली. उतरताना तिला आणखी वेळ लागला. मी त्या दिवशी बस सुटेपर्यंत लिहीत बसले.

पुस्तक झालं. मोठ्या अक्षरात, काळ्या शाईत. ते बोर्डाशेजारी ठेवून सरावाला सुरुवात झाली. मी वरून काचेतून बघत होते. बोर्डावर ती. पलीकडच्या टोकाला, संत्री धुवायच्या हौदाशी, एक तरुण गोल चेहऱ्याची बाई, जिच्या थट्टेला सगळ्या घाबरत. हिरवं बटन दोन्ही टोकांना होतं. बोर्डावरच्या बाईने पुस्तक उघडलं, ओठ हलवत वाचलं, आणि मोठ्याने म्हणाली, "हिरवे बटन दाबावे."

काही झालं नाही. ती हौदाकडे बघत होती. हौदावरची तिच्याकडे.

"दाब नं वो!"

"म्या काहून दाबू? तुह्याकडं बी हाय नं हिरवं."

"दाबावे मनते हे."

"दाबावे तं दाबावे. पन कोनं दाबावे?"

शेडमध्ये हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, साहेबानं दाबावे. कोणी म्हणालं, कमिटीनं दाबावे. शेवटी दोघींनी एकदमच दाबलं, घंटा वाजली, आणि त्यांनी बटन सोडताच मधेच बंद पडली. घंटा थांबेपर्यंत बटन धरून ठेवायचं, नाहीतर यंत्र चालू होत नाही, हे जाड पुस्तकात होतं. माझ्या पुस्तकात 'दाबावे' एवढंच. बऱ्याच खटपटीने एकदाचं ते सुरू झालं. संत्री हौदातून वर आली, ओली, चमकत, आणि रोलरांवर घरंगळू लागली. मला वर एकटीला आनंद झाला. तेवढ्यात रोलर अडकले, लाल दिवा लागला, सगळं थांबलं.

बोर्डावरच्या बाईने पान उलटलं. मग दोघी वाकून रोलर मोजत गेल्या. मला कळेना त्या काय करतायत. एका रोलरपाशी थांबल्या, आत हात घातला, काहीतरी काढलं. तरी यंत्र चालू होईना. थोड्या वेळाने हौदावरची धावत जिना चढून आली. तिच्या तळहातावर संत्र्याचं एक ओलं, चुरगळलेलं पान होतं.

"घ्या मॅडम," ती म्हणाली, "हे तुमचं बारा नंबरचं पान. पाह्यलं. आता काय करू?"

मी पानाकडे बघत राहिले. मग तिने माझं पुस्तक पुढे केलं. मी लिहिलं होतं: रोलर थांबल्यास पान १२ पाहावे. ते बेअरिंगांचं पान जाड पुस्तकात होतं, आणि जाड पुस्तक वर माझ्या टेबलावर.

"हे नाही," मी म्हणाले. "पान म्हणजे… पेज."

"पेज?" तिचे डोळे मोठे झाले. "पेज तं मक्याची राहते वो! मी रोजच खातो." आणि जिन्याच्या वरूनच ती खाली ओरडली, "मॅडम मनतात, पेज पाहा पेज!"

खालून हसण्याची लाट आली. मलाही हसू यायला हवं होतं. माझे कान तापले होते. तिने माझ्याकडे बघून आवाज उतरवला. "पन्ना मनाचं का तुमाले? मंग पन्ना लिवा नं. पान तं झाडाले राहते."

आणि खरंच रोलर नंबर बारामध्ये पान सापडलं होतं. संत्र्यांच्या देठांना पानं येतातच. कुठल्याही नंबरात बघितलं असतं तरी एखादं सापडलंच असतं.

साहेब रागावले नाहीत. "ये नहीं चलेगा, बेटी," एवढंच म्हणाले. मग काचेतून खाली बघत राहिले. "वो बाई बहुत मेहनती है," म्हणाले. "कमिटी के सामने ऐसा हुआ, तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

दुसऱ्या दिवशी मी वर गेलेच नाही. बोर्डापाशी गेले आणि माझ्या पद्धतीने उभी राहिले. बराच वेळ. शेवटी तिचं लक्ष गेलं. तिने एक रिकामी पेटी पायाने माझ्याकडे सरकवली. "बसा."

मी पेटीवर बसले. मांडीवर कोरे कागद. ती उभी. मी तिला जुनं पुस्तक वाचून दाखवायला लागले. ती मधेच म्हणाली, "एक सांगू का? राग नोको धरू." तिने मला पहिल्यांदाच एकेरी म्हटलं. "हे 'दाबावे, पाहावे' कोनाले सांगून राहिली तू?"

"तुम्हाला."

"मले? मले तं असं वाटते का भितीले सांगून राहिली."

मी मांडीवरचे कागद सारखे करत राहिले.

"मलेच सांगाचं असन तं माह्याकडं पाहून सांग."

मी वर बघितलं. तिच्या कपाळावर संत्र्याच्या सालीचा एक बारीक तुकडा चिकटला होता. "बटन दाबा," मी म्हणाले. ते दोन शब्द बोलणं मला किती जड गेलं, ते तिला कळलं असेल असं वाटत नाही. कदाचित कळलंही असेल.

"हां," ती म्हणाली. "आता समजलं का मीच दाबाचं हाय."

तसे आम्ही ते पुस्तक पहिल्यापासून करत गेलो. मी वाक्य लिहायचे, तिच्याकडे बघून म्हणायचे, ती करून बघायची. मला सगळं सांगायची सवय. हा रोलर असा का फिरतो, मेणाचा फवारा किती गरम हवा, पट्टा कशाने सैल होतो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे पुढच्या टायमाले. आता काय करू, तेवढं सांग." मी खोडायचे. एकेक वाक्य खोडताना मला वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं हरवतंय. पण ते कुठे जात नव्हतं. जाड पुस्तकात होतंच. ज्याला यंत्र उघडून बसायचं आहे, त्याने ते उघडावं. तिला यंत्र उघडायचं नव्हतं. तिला उभं राहायला जागा हवी होती.

'पाहावे' गेलं. 'पान बारा' गेलं. 'लाल दिवा लागला तर' असा मथळा आला आणि त्याखाली तिथेच सगळं, दुसरीकडे कुठे जायला न सांगता. दिवा लागला असताना माणूस दुसरं पुस्तक शोधायला जिना चढत नाही. विशेषतः तिच्यासारख्या गुडघ्यांचं.

घंटेचं वाक्य मात्र पुन्हा चुकलं. मी लिहिलं, घंटा थांबेपर्यंत बटन दाबून ठेवा. त्या दिवशी गोल चेहऱ्याची हौदाकडून हे वाक्य ऐकत होती. तिने पेटीच्या फळीची एक ढलपी उचलली, आपल्या बाजूच्या हिरव्या बटनाच्या फटीत ठोकून बसवली आणि हात झटकले. "घ्या. ठेवलं दाबून."

घंटा वाजत होती आणि तिचे दोन्ही हात हौदात होते.

"काढ थे!" बोर्डावरची इतकी जोरात ओरडली, की शेडमधल्या सगळ्या बायका थांबल्या. "हात तुटन नं भवाने!"

ढलपी निघाली. गोल चेहऱ्याची ओले हात पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "ठेवा मनलं, मी ठेवलं." तिचं चुकलं नव्हतं. बरणीतलं लोणचं वजनाखाली दाबून ठेवतात, तसंच तिने बटन दाबून ठेवलं होतं.

"मग कसं म्हणायचं?" मी विचारलं. कोणाला, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"दाबून राहा," बोर्डावरची म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. आई दारात शेजारणीशी बोलायची, ते हेच. करून राहिली, बसून राहिली. माझ्याशी बोलताना तिने टाकून दिलेलं. मी ते लिहिलं. बटन दाबून राहा. घंटा थांबेपर्यंत सोडू नका. मागे वळून पाहू नका. डावा हात वर करा, म्हणजे हौदावरची हात बाहेर काढेल. हौदाकडच्या बटनावर साहेबांनी पत्र्याचं झाकण ठोकून घेतलं.

जेवायच्या सुट्टीत बायका तीन घोळक्यांत बसायच्या. कोणी कुठे बसायचं, ते कोणी सांगितलेलं नव्हतं, पण कोणाची चूक होत नसे. बोर्डावरची आणि तिच्या वस्तीतल्या दोघी पाण्याच्या ड्रमपलीकडे. मी वर, काचेमागे. पण त्या दिवसांत आम्ही दोघी यंत्रापाशीच जेवलो. ती तिच्या घोळक्यात नाही, मी माझ्या खोलीत नाही. तिने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि माझ्याकडे केला. मी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "घरी सांगशीन का, माह्या डब्यातलं खाल्लं मनून?"

मी पाणी प्यायले. घरी मी तसंही कशाबद्दल काही सांगत नसे. पण ते उत्तर नव्हतं, आणि ती डबा धुवायला उठली.

तिला मी अजून काही म्हणत नव्हते. मनात मावशी म्हणायचे. ती मला 'मॅडम' सोडून 'पोरी'वर आली होती. माझ्याकडून मात्र हाक निघत नव्हती. पेटीवर तिच्या समोरच बसलेली असल्यामुळे गरजही पडत नसे.

कमिटी आली ती सकाळी. पांढऱ्या टोप्या, खुर्च्या, चहा. माल आदल्या दिवशी येऊन पडला होता आणि शेडभर संत्र्याच्या सालीचा तो झोंबणारा वास होता. मी जिन्याच्या खाली उभी होते. पुस्तक तिच्याशेजारी बंद. तिने ते उघडलं नाही. डावा हात वर केला, उजव्या हाताने हिरवं बटन दाबलं आणि दाबून राहिली. घंटा थांबली. पट्टा हलला. टोप्या थोड्या पुढे वाकल्या.

संत्री चालू लागली, आणि बऱ्याच वेळाने, अगदी सगळं नीट चाललंय असं वाटत असतानाच, लाल दिवा लागला.

कमिटीतला एक जण शेजारच्याला काहीतरी म्हणाला. तिने आधी लाल बटन दाबलं. मग पुस्तक उघडलं. घाई न करता, बोटाने मथळा शोधला, ओठ हलवत वाचलं. माझे ओठही हलत होते. तिने काठी घेतली, रोलरखालून दोन संत्री आणि पानाचा एक गोळा काढला, खाली टाकला, मागे सरकली, डावा हात वर. घंटा. पट्टा.

"जमलं बा," एक टोपीवाला म्हणाला. दुसऱ्याने चहाची बशी खाली ठेवली. एवढंच झालं. नागपूरचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. हौदावरून गोल चेहऱ्याची ओरडली, "पेज पाहा, पेज!" आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा. बोर्डावरची हसली नाही. ती दोन्ही पायांवर सरळ उभी होती आणि दिव्यांकडे बघत होती.

त्यानंतर मी वर गेले. माझं काम झालंच होतं म्हणा. जाड पुस्तकाचा राहिलेला भाग साहेबांनी पूर्ण करायला सांगितला होता. पातळ पुस्तक बोर्डाशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलं होतं. काचेतून मला ते दिसायचं. पहिले काही दिवस ती सकाळी ते उघडायची. मग नुसता हात लावायची. मग तेही नाही. ते उन्हात पिवळं पडत गेलं, मेणाचे शिंतोडे उडून त्याचे कागद एकमेकांना चिकटले असावेत. मला विचारायला कोणी जिना चढून आलं नाही. यायचं काही कारणच उरलं नव्हतं. पुस्तक बरोबर झालं होतं. जेवायच्या वेळी ती पुन्हा ड्रमपलीकडे जायची, भिंतीला टेकून उभ्यानेच जेवायची, आणि तिच्याभोवतीच्या दोघी तिच्याशी बोलायच्या. मी काचेमागे माझा डबा उघडायची. कधी ती वर बघायची. काचेवर उजेड असायचा, त्यामुळे तिला मी दिसत असेन की नाही, कळत नसे.

जाड पुस्तक पूर्ण झालं. अक्षरं नीट, एकही भाग राहिला नाही. साहेबांनी ते उघडून बघितलं, "बहुत अच्छा," म्हणाले आणि कपाटात ठेवलं. मग मला म्हणाले, की आता उद्यापासून आलं नाही तरी चालेल.

शेवटच्या दिवशी मी पिशवी घेऊन जिना उतरले. दुपारचा माल चढवत होते. ती बोर्डापाशी, पाठमोरी. मी नेहमीसारखी तिच्या आसपास जाऊन उभी राहिले असते, तर तिचं लक्ष गेलं असतं. पण बसची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, एकदा तरी हाक मारावी. एवढ्या वेळा तिच्याकडे बघून "दाबा" म्हणाले होते. मी तोंड उघडलं.

"मावशी," मी म्हणाले, "येते मी."

त्याच वेळी घंटा सुरू झाली. तिचा उजवा हात हिरव्या बटनावर होता. ती दाबून राहिली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मीच तसं लिहिलं होतं.

मग तिने डावा हात वर केला. हौदावर गोल चेहऱ्याची हात बाहेर काढत होती. तिच्यासाठीच असणार तो. मी घंटा थांबायची वाट पाहिली नाही. गेटमधून बाहेर पडेपर्यंत ती वाजतच होती, आणि मग पट्ट्याचा आवाज आला.

शनिवार होता. परतीच्या बसमध्ये जामसांवलीची गर्दी होती. माझ्या बाजूला बसलेल्या म्हातारीने प्रसादाचा तुकडा हातावर ठेवला आणि विचारलं, "दर्शनाले गेलती का वो पोरी?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग पुढे काही म्हणायचं असतं, म्हणून म्हणाले, "कामावरून येऊन राहिली."